विद्यार्थी हॅकेथॉनमध्ये सरळ मार्गाने कसं उतरायचं: टीम जमवण्यापासून रिझल्टनंतरपर्यंत

पावसाळा सरत आला की इंजिनिअरिंग कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो: "एसआयएचसाठी टीम रेडी आहे, फक्त एक गर्ल मेंबर पाहिजे, काम काही नाही." एसआयएच म्हणजे स्मार्ट इंडिया हॅकेथॉन, टीमने ठरलेल्या वेळात सॉफ्टवेअर किंवा हार्डवेअर बनवून दाखवायची स्पर्धा. त्या मेसेजचे शेवटचे तीन शब्द परत वाचा. गडबड इथूनच सुरू होते, कोडची पहिली ओळ लिहायच्या कितीतरी आधी. चीटिंग म्हटलं की आपल्याला रात्री तीन वाजता दुसऱ्याचं रेपो (गिटहबसारख्या साइटवर ठेवलेला प्रोजेक्टचा कोड) उचलणारा पोरगा आठवतो, पण खरी लबाडी बहुतेक वेळा मुद्दाम ठरवून केलेली नसते. आधीचं काय, आणलेलं काय आणि इथे बसून केलेलं काय हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं, मग जजसमोर उभं राहिल्यावर सगळंच "आम्ही केलं" होऊन जातं. या लेखातला निम्मा भाग ही नोंद कशी ठेवायची याचाच आहे.

उदाहरण म्हणून मुख्यतः स्मार्ट इंडिया हॅकेथॉन घेतोय, कारण आपल्याकडची बहुतेक पोरं तिथूनच सुरुवात करतात. शिक्षण मंत्रालय आणि तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद एआयसीटीई यांची ही स्पर्धा २०१७ पासून चालू आहे. सोबत विद्यार्थ्यांच्या हॅकेथॉनना पाठबळ देणाऱ्या मेजर लीग हॅकिंग म्हणजे एमएलएच या संस्थेचे नियम घेतो, कारण जुन्या कोडबद्दल इतकं स्पष्ट फार कमी जणांनी लिहून ठेवलंय.

पहिली पायरी: नियमांची पीडीएफ सहाही जणांनी वाचायची

लीडरने वाचली म्हणजे टीमने वाचली असं होत नाही. एसआयएचमध्ये टीम सहा जणांची, सगळे एकाच कॉलेजचे, आणि त्यात किमान एक मुलगी असलीच पाहिजे. एमएलएचच्या हॅकेथॉनला जास्तीत जास्त चौघं. एसआयएचला आधी कॉलेजची इंटर्नल फेरी होते, तिथून निवडलेल्या टीमची नावं कॉलेजचे एसपीओसी (स्पर्धेसाठी नेमलेले कॉलेजचे संपर्क प्रतिनिधी) पोर्टलवर टाकतात, मग आयडियाची पीपीटी जाते, तिची छाननी होते आणि त्यानंतर फिनाले, सॉफ्टवेअरला सलग ३६ तास आणि हार्डवेअरला पाच दिवस. बारीकसारीक अटी दरवर्षी बदलतात, त्यामुळे सीनियरने पाठवलेल्या मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका.

वाचताना पाच गोष्टी पेनने मार्क करा: आधी लिहिलेला कोड चालतो का, एआय टूल्सबद्दल काय म्हटलंय, टीमबाहेरच्या माणसाची मदत किती चालते, सबमिशन नक्की कधी आणि कशात, आणि बनवलेल्या गोष्टीचा मालकी हक्क कुणाकडे जातो. हा शेवटचा मुद्दा कुणी बघत नाही आणि नंतर त्यावरूनच भांडणं होतात.

जुन्या कोडबाबत एमएलएचचा नियम असा आहे की प्रोजेक्टचं काम हॅकेथॉनमध्येच झालं पाहिजे. आयडिया आधीची असली तर चालते, पूर्वी काम केलेल्या आयडियावर परत काम केलं तरी चालतं, फक्त जुना कोड वापरायचा नाही. लायब्ररी, फ्रेमवर्क (दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग), ओपन सोर्स म्हणजे सगळ्यांना खुला असलेला कोड वापरायला हरकत नाही. पण पळवाट काढणाऱ्यांचाही त्यांनी विचार केलाय: हॅकेथॉनच्या आधी स्वतःच कोड लिहायचा, तो ओपन सोर्स म्हणून टाकायचा आणि मग "ओपन सोर्स वापरला" म्हणायचं, हे चालणार नाही असं सरळ लिहिलंय. आधीच अस्तित्वात असलेल्या प्रोजेक्टमध्ये नवीन फीचर जोडायला मात्र परवानगी आहे, जज फक्त नवीन भाग बघतात.

एसआयएचचं गणित वेगळं. आयडियाची निवड आणि फिनाले यांच्यात बरेच दिवस जातात आणि त्या काळात टीम हातावर हात ठेवून बसत नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं. तिथे कुठलं काम आधीचं आणि कुठलं या ३६ तासांतलं हे विचारल्याबरोबर सांगता आलं पाहिजे.

नियमात एखादी गोष्ट लिहिलेलीच नसेल तर "लिहिलं नाही म्हणजे चालतं" असं धरू नका, विचारा. आणि ओळखीच्या व्हॉलंटियरला पर्सनल मेसेज करून नको, आयोजकांच्या कॉमन ग्रुपवर किंवा डिस्कॉर्डवर विचारा, म्हणजे उत्तर सगळ्या टीमना एकदमच कळतं. त्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवून द्या.

दुसरी पायरी: टीम

परत त्या मेसेजकडे येतो. किमान एक मुलगी हवी ही अट कशासाठी आहे ते वेगळं सांगायला नको, आणि तिचं नाव टाकून तिला मीटिंगलाही न बोलावणं म्हणजे त्या अटीची थट्टाच. वर फिनालेला तिलाच "तू प्रेझेंटेशन दे, तू छान बोलतेस" म्हणून पुढे करायचं आणि जजने डेटाबेसबद्दल विचारलं की ती बिचारी मागे बघणार. मुलींनो, असा मेसेज आला तर उलटा प्रश्न टाका: "माझ्याकडे कुठलं मॉड्यूल?" उत्तर देताना समोरचा घुटमळला तर ती टीम सोडा, दुसरी मिळेल. आणि हे फक्त मुलींचं नाही, सहापैकी दोन जण कोड लिहितात आणि चौघं सर्टिफिकेटपुरते असं अर्ध्या टीममध्ये चालतं. कोड सगळ्यांनीच लिहायला पाहिजे असंही नाही, कुणी शेतकऱ्यांशी, नर्सशी, बसच्या कंडक्टरशी बोलून गरज समजून घेईल, कुणी टेस्टिंग करेल, कुणी डिझाइन. पण प्रत्येकाने केलेलं काहीतरी दाखवता आलं पाहिजे.

बाहेरची मदत: मेंटरने दिशा दाखवावी, "हे करू नका, इथे अडकाल" असं सांगावं, हरकत नाही. मेंटरने लॅपटॉप आपल्याकडे ओढून कोड लिहायला सुरुवात केली की ती मदत राहत नाही. पास आउट झालेला दादा हॉस्टेलवर बसून रात्रभर बग सोडवतोय आणि पुश (कोड गिटहबवर चढवणं) मात्र तुमच्या अकाउंटवरून, ही सातव्या माणसाची टीम झाली. पुण्या-मुंबईत आणि आता लहान शहरांतही फायनल इयरचे तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत, तिथला प्रोजेक्ट आणून रंग बदलून मांडणाऱ्यांना तर काय सांगायचं, दोन प्रश्नांत उघडे पडतात.

टीम ठरली की त्याच दिवशी ग्रुपवर एक मेसेज पिन करा: कोण काय करणार, बक्षीस मिळालं तर वाटणी कशी, कुणी मध्येच सोडलं तर काय, आणि पुढे यावर स्टार्टअप किंवा पेपर करायचा झाला तर कुणाला विचारायचं. पैसे यायच्या आधी हे बोलायला पाच मिनिटं लागतात, नंतर मैत्रीच जाते.

तिसरी पायरी: आयडिया आणि पीपीटी

मागच्या वर्षीच्या विजेत्यांचे व्हिडिओ बघा, बिनधास्त बघा, त्यात गैर काही नाही. त्यांचा आर्किटेक्चर डायग्राम उचलून आपल्या पीपीटीत चिकटवणं मात्र गैर. तुमची आयडिया कुणाच्या तरी कामावरून सुचली असेल तर एका स्लाइडवर एक ओळ लिहा, "अमुक प्रकारची सोय आधीपासून आहे, त्यात हे कमी पडतं, आम्ही तेवढं सोडवतोय". पोरांना वाटतं याने मार्क कमी होतील, पण ज्या जजने त्या विषयात दहा वर्षं काम केलंय त्याला आधीचं सगळं माहीत असतंच, आपण "जगात पहिल्यांदाच" म्हणालो की तो मनातल्या मनात हसतो.

अजून एक प्रकार म्हणजे सर्व्हे. "आम्ही २०० शेतकऱ्यांशी बोललो" आणि खाली गोल चार्ट. प्रत्यक्षात गुगल फॉर्म हॉस्टेलच्या ग्रुपवर फिरलेला असतो, नाहीतर आकडे चॅटजीपीटीने दिलेले. सहा शेतकऱ्यांशी बोलला असाल तर सहाच लिहा आणि ते काय म्हणाले ते सांगा, त्याचं वजन खोट्या दोनशेंपेक्षा जास्त पडतं.

एकच प्रोजेक्ट तीन हॅकेथॉनमध्ये फिरवायचा असेल तर प्रत्येक ठिकाणचे नियम बघा आणि आधी कुठे मांडलाय, बक्षीस मिळालंय का, ते सांगून टाका.

चौथी पायरी: रेपो पहिल्या मिनिटापासून

हे नीट केलंत तर बाकी निम्म्या भानगडी आपोआप मिटतात. वेळ सुरू झाली की नवीन रिकामं रेपो बनवा. नियमात बसणारं काही आधीचं आणणार असाल, लॉगिनचा साचा, ट्रेन केलेलं मॉडेल, सर्किटची लायब्ररी, तर ते सगळं पहिल्या कमिटमध्ये (कमिट म्हणजे कोडमधल्या बदलांची एक नोंद) एकत्र टाका आणि मेसेजमध्ये लिहा "हे आधीचं". त्यानंतरचं सगळं नवीन. जजने विचारलं तर त्या कमिटपासून आत्तापर्यंतचा फरक गिटहबवर उघडून दाखवायचा, तोंडाने पटवत बसायला नको.

मग छोटे छोटे कमिट. पस्तीस तास काहीच नाही आणि शेवटच्या तासाला "फायनल" नावाचा एकच कमिट, त्यात चाळीस फाइल्स, हे बघून कुणालाही शंका येईल, तुम्ही प्रामाणिक असलात तरी. तारीख मागे-पुढे करायच्या युक्त्या काहींना माहीत असतात, कारण कमिटची वेळ आपल्याच लॅपटॉपच्या घड्याळावरून पडते. पण पुश कधी झालं हे गिटहब आपल्या बाजूने नोंदवतं, रेपोच्या अ‍ॅक्टिव्हिटीत ते दिसतं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच असते: टीममध्ये चांगला लॅपटॉप एकच, सगळे त्यावरच काम करतात आणि सगळे कमिट एकाच्या नावावर पडतात. जिने खरं डोकं चालवलं तिचं नाव कुठेच नाही. उपाय सोपा आहे, कमिट मेसेजच्या शेवटी Co-authored-by: (को-ऑथर्ड-बाय) अशी इंग्रजी ओळ टाकून तिचं नाव आणि गिटहबला जोडलेला ईमेल लिहा, गिटहब दोघांचीही नावं दाखवतं.

एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त चावी) रेपोत टाकू नका, वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे रेपोत न घ्यायच्या फाइलींच्या यादीत घाला. चुकून गेलीच तर पुढच्या कमिटमध्ये डिलीट करून भागत नाही, जुन्या हिस्टरीत ती तशीच राहते, की रद्द करून नवीनच घ्यावी लागते.

पाचवी पायरी: आणलेल्या गोष्टींचा हिशोब

रीडमीमध्ये (रेपोची माहिती देणारी फाइल) "आम्ही वापरलेलं" असा एक भाग पहिल्याच तासात बनवा आणि जसं वापराल तसं लिहीत जा, शेवटी आठवत नाही. लायब्ररी, टेम्प्लेट, आयकॉन, फॉन्ट, डेटासेट, मॉडेल, यूट्यूबवरचा ट्युटोरियल, सगळं.

लायसन्सचं, म्हणजे कोड वापरायच्या अटींचं थोडक्यात: एमआयटी लायसन्स असेल तर वापरा, मूळ कॉपीराइटची नोट काढू नका. जीपीएल असेल आणि तुम्ही पुढे ते सॉफ्टवेअर वाटणार असाल तर तुमचा कोडही त्याच लायसन्सखाली खुला करावा लागतो, त्यामुळे "आम्ही हे कंपनीला विकणार" म्हणायच्या आधी बघून घ्या. आणि गिटहबवर लायसन्स फाइलच नाही म्हणजे फुकट आहे असं नसतं, उलट सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच असतात. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरला तर नकाशावर त्यांचं श्रेय दिसलं पाहिजे.

एआयबद्दल नियम काय ते आधी विचारलेलं असेलच. परवानगी असेल तर वापरा, लाजायचं कारण नाही, पण दोन गोष्टी पाळा. कुठल्या भागात वापरलं ते रीडमीत लिहा. आणि जो कोड टीममधल्या एकालाही समजावून सांगता येत नाही तो रेपोत ठेवू नका, मग तो कितीही चालत असो. आम्ही सराव म्हणून एक करायचो, दर काही तासांनी एकाने दुसऱ्याची कुठलीही फाइल उघडायची आणि विचारायचं, हे फंक्शन काय करतं. ज्याला सांगता येत नाही त्याने तिथेच बसून समजून घ्यायचं.

डेटा खऱ्या माणसांचा असेल तर जास्त जपा. मामाच्या पॅथॉलॉजी लॅबमधून पेशंटचे रिपोर्ट पेनड्राइव्हवर आणणं, मित्रांची आधार कार्डं स्कॅन करून डेमोत दाखवणं, असलं काही करू नका. नकली डेटा बनवा आणि स्क्रीनवर "नमुना डेटा" असं लिहा.

सहावी पायरी: अ‍ॅक्युरसीचा आकडा

यावर जरा थांबतो, कारण पानाचा फोटो काढा आणि रोग ओळखा हा प्रोजेक्ट प्रत्येक हॅकेथॉनला चार-पाच टीम तरी आणतात आणि सगळ्यांची अ‍ॅक्युरसी ९८ टक्के असते. मागे बहुतेकदा प्लांटव्हिलेज हा डेटासेट असतो: ५४,३०६ फोटो, १४ पिकं, ३८ वर्ग. पानं तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले फोटो. त्यावरच्या २०१६ च्या प्रसिद्ध पेपरात मॉडेलची अ‍ॅक्युरसी ९९.३५ टक्के आली होती, आणि त्याच पेपरात लेखकांनी हेही लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या थोडी वर इतकी घसरली. पहिला आकडा सगळ्यांच्या पीपीटीत असतो, दुसरा कुणाच्याच नाही.

पुढे बघा. त्या १४ पिकांत कापूस नाही, ऊस नाही, डाळिंब नाही. सोयाबीन आहे पण फक्त निरोगी पानं, रोगट एकही नाही. द्राक्ष आहे, पण नाशिकचा बागायतदार ज्यांच्या धास्तीने फवारणी करतो ते डावणी आणि भुरी हे रोग द्राक्षाच्या वर्गांमध्ये नाहीत. तरी स्लाइडवर "महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी ९८ टक्के अचूक". आकडा खोटा नाही, दावा खोटा आहे.

मग सरळपणे काय करायचं? कुठल्या डेटावर मॉडेल ट्रेन केलं (शिकवलं) आणि कुठल्यावर टेस्ट केलं हे आकड्याच्या शेजारीच लिहा. एकाच पानाचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो ट्रेन आणि टेस्ट दोन्हीकडे गेलेत का ते तपासा, गेले असतील तर मॉडेलने परीक्षेचा पेपर आधीच बघितलाय. शंभरपैकी ९५ पानं निरोगी असतील तर डोळे झाकून सगळ्यांना "निरोगी" म्हणणारं मॉडेलही ९५ टक्के मिळवतं, म्हणून रोगट पानांपैकी किती पकडली हे वेगळं सांगा. जमलं तर जवळच्या शेतातून मोबाइलवर वीस-तीस फोटो काढून आणा, त्यावर मॉडेल चालवा आणि जो काही भिकार आकडा येईल तो तसाच स्लाइडवर टाका, त्याखाली असं का झालं ते लिहा. विषय कळणारा जज त्या स्लाइडवर थांबतो आणि मग बोलणं खऱ्या कामाबद्दल सुरू होतं.

सातवी पायरी: ते ३६ तास

वायफाय सगळ्यांचं असतं. दहा जीबीचा डेटासेट तिथे जाऊन डाउनलोड करू नका, घरून आणा. पॅकेजेस, एमुलेटर, ड्रायव्हर सगळं आधी इन्स्टॉल करून ठेवा, याला कुठल्याही नियमात तयारीच म्हणतात. शेजारच्या टीमला जंपर वायर, चार्जर, ईएसपी३२ बोर्ड लागला तर द्या, त्याने तुमचा नंबर जात नाही. त्यांच्या स्क्रीनकडे मात्र बघत उभं राहू नका आणि मेंटर राउंडला आले की "सर, पलीकडच्या टीमने काय केलंय" असं खोदून विचारू नका.

झोपा. पाळीपाळीने झोपा, कारण पहाटे चार वाजता थकलेलं डोकं "हे आत्तापुरतं कॉपी करून टाकू, नंतर बदलू" म्हणतं आणि ते नंतर कधी बदललं जात नाही.

वेळ संपली की हात वर. एमएलएचमध्ये वेळ संपल्यावर बारीक बग दुरुस्त करायची मुभा आहे, नवीन फीचर घुसडायची नाही. तुमच्याकडे काय नियम आहे ते बघा आणि त्यानंतर पुश करावंच लागलं तर आयोजकांना सांगून करा.

आठवी पायरी: डेमो आणि प्रश्न

सगळं पूर्ण होत नाही, कुणाचंच होत नाही. काही बटणं नुसती दिसायला असतात, काही उत्तरं हार्डकोड केलेली, म्हणजे कोडमध्ये आधीच लिहून ठेवलेली असतात. गैर ते नाही, ते चालतंय असं भासवणं गैर. डेमोच्या आधी कागदावर तीन रकाने करा: चालतं, अर्धवट चालतं, फक्त दाखवायला. बोलणाऱ्याच्या हातात तो कागद द्या. "पेमेंटचा भाग अजून जोडलेला नाही, हा स्क्रीन नमुन्याचा आहे" हे वाक्य म्हणायला चार सेकंद लागतात. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ बॅकअप म्हणून ठेवा, नेट गेलं की उपयोगी पडतो, पण लावताना "हे काल रात्रीचं रेकॉर्डिंग आहे" असं सांगून लावा.

प्रश्न ज्याच्या कामाचा त्यानेच उत्तर द्यायचं, लीडरने मध्ये घुसायचं नाही. उत्तर येत नसेल तर "हे आम्ही तपासलेलं नाही" म्हणा. हा कोड कुठून आणला असं विचारलं तर रीडमी उघडा, तुमच्याकडे लिहिलेलं आहेच.

नववी पायरी: रिझल्टनंतर

हरलात आणि जिंकलेल्या टीमने कॉपी केली अशी शंका आहे, तर इन्स्टा स्टोरी टाकायच्या आधी पुरावा बघा. दोघांची आयडिया सारखी असणं हा पुरावा नाही, एकाच प्रॉब्लेम स्टेटमेंटवर काम केल्यावर ती सारखी येणारच. जसाच्या तसा कोड, त्याच स्पेलिंगच्या चुका, हॅकेथॉनच्या आधीचं रेपो, असं काही असेल तर लिंक आणि तारखा जोडून आयोजकांना ईमेल करा, समोरच्या पोरांची नावं ग्रुपवर फिरवू नका. आयोजकांनी ऐकून निर्णय दिला की तो तिथेच संपवा, पटला नाही तरी.

जिंकलात तर लिंक्डइनवर नेमकं लिहा. कॉलेजची इंटर्नल फेरी जिंकणं म्हणजे एसआयएच विनर नव्हे, फिनालेला पोचलात तर फायनलिस्ट लिहा, तेही काही कमी नाही. पोस्टमध्ये सहाही जणांना टॅग करा आणि कुणी काय केलं ते एकेका ओळीत. रेझ्युमेवर आपण केलेलाच भाग टाका, इंटरव्ह्यूला त्यावरच विचारतात. आणि घरी जाऊन झोपायच्या आधी डेमोसाठी चालू केलेले क्लाउडचे सर्व्हर बंद करा, वापरलेल्या एपीआय की रद्द करा, बिल ज्याच्या कार्डावर येतं त्याला टीमने मिळून पैसे द्या.